घुशींचा बंदोबस्त आणि हवेची बंदूक

उन्हाळ्याच्या अखेरीस रिकाम्या शिवारातून सकाळी फेरी मारली असता बांधाच्या कडेला, पाटाच्या भरावावर व पडीक तुकड्यांतून ताज्या, भुसभुशीत मातीचे लहान लहान ढीग दृष्टीस पडतात. ह्या मातीस उकीर म्हणतात. उकीर ओलसर व ताजा असेल तर आत घूस आहे व गेल्या रात्री तिने बीळ उकरले, असे खुशाल समजावे. परंतु शेतात त्या वेळी खाण्यासारखे काही उभे नसल्यामुळे उकिराकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पुढे गव्हाच्या ओंबीत दाणा भरू लागला, भुईमुगाच्या शेंगा उकरलेल्या दिसू लागल्या किंवा उसाची खालची कांडी कुरतडून ऊस लोळू लागला, म्हणजे धावपळ सुरू होते. कोणी पिंजरे आणतो, कोणी दुकानातून मिळेल ते विष आणतो, आणि एखादा हौशी तरुण हवेची बंदूक व विजेरी घेऊन रात्री बांधावर जाऊन बसतो.

हवेच्या बंदुकीने शेतातील घुशींचा बंदोबस्त होईल काय, असा प्रश्न शेतकरी वारंवार विचारतात. विष हाताळण्याची भीती अनेकांना वाटते व ती योग्यच आहे. बंदुकीला विष लागत नाही, एकदा घेतली की पुष्कळ वर्षे टिकते, आणि मारलेले जनावर डोळ्यांसमोर पडते. म्हणून ह्या उपायाचा विचार एका वाक्यात झटकून टाकण्याऐवजी तो कोठे चालतो व कोठे चालत नाही, हे नीट पाहणे बरे.

जेथे बंदूक चालते

अमेरिकेच्या पूर्व भागात व कॅनडात शेतजमिनीवर ग्राउंडहॉग नावाचा एक बिळात राहणारा प्राणी आढळतो. त्यास वुडचक असेही म्हणतात. कुळाने तो खारीचा नातेवाईक असला तरी आकाराने बराच मोठा, दोन ते सहा किलो वजनाचा असतो. सोयाबीन, लसूणघास व भाजीपाला तो खातोच. शिवाय त्याच्या बिळांच्या तोंडात गुरांचे व घोड्यांचे पाय अडकतात आणि ट्रॅक्टरची चाके रुततात. तेथील पुष्कळ शेतकरी त्याची बंदुकीने शिकार करतात, आणि वस्तीजवळ जोरदार जातीची हवेची रायफलही वापरतात.

तिकडे हा उपाय थोडाफार साधतो, ह्याचे श्रेय बंदुकीपेक्षा त्या प्राण्याच्या सवयींना अधिक आहे. ग्राउंडहॉग दिवसा चरतो. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहून तो चौफेर पाहत असतो, त्यामुळे नेम धरण्यास अवधी मिळतो. बहुधा तो एकेकटा राहतो. थंडीचे महिने तो बिळात झोपून काढतो व वसंत ऋतूत बाहेर पडतो. (२ फेब्रुवारी रोजी तो बाहेर येऊन आपली सावली पाहतो की नाही, ह्यावरून उरलेल्या थंडीचे भाकीत करण्याची गंमत तिकडे दरवर्षी चालते.) मादी वर्षातून एकदाच विते व तीन ते पाच पिले देते. अशा प्राण्यातील एक नर वा मादी मारली तर त्या शेताचे त्या हंगामाचे नुकसान बरेचसे टळते. तरीही रिकामे झालेले बीळ शेजारचा दुसरा प्राणी बळकावतो, हा अनुभव तेथील शेतकऱ्यांनाही येतो.

आपल्याकडील घुशीस ह्यांपैकी बहुतेक गोष्टी लागू पडत नाहीत.

आपल्या शेतातील जाती

महाराष्ट्रातील शेतांत उपद्रव करणाऱ्या उंदरांच्या अनेक जाती आहेत. त्यांत सर्वांत अधिक नुकसान करणारी म्हणजे शेतातील लहान घूस होय. तिचे वजन सुमारे पाव किलो असते, तोंड आखूड व बोथट असते, आणि चवताळली म्हणजे ती पाठीवरचे राठ केस उभारून गुरगुरते. गावातील उकिरडे, परसे व गटारे ह्यांच्या आसपास राहणारी मोठी घूस निराळी; ती किलोभरापर्यंत भरते, परंतु शिवारात तिचा उपद्रव तुलनेने कमी असतो. काळ्या जमिनीत मऊ केसांचा, पांढरट पोटाचा एक लहान उंदीर असतो. उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगांतच तो राहत असल्यामुळे त्याचे बीळ वेगळे ओळखू येत नाही. हलक्या, मुरमाड व रेताड जमिनीत लांब शेपटीचा व शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका असलेला उंदीर आढळतो. तो माणसाची चाहूल लागताच लांब उड्या मारीत पळतो.

घुशीचे बीळ हे तिचे घर, कोठार व बाळंतिणीची खोली असे तिन्ही असते. सर्वसाधारणपणे ते दोन-अडीच फूट खोल जाते व आडवे कित्येक फूट पसरते. मधून मधून फाटे असतात, आणि आणीबाणीच्या प्रसंगी निसटून जाण्यासाठी एखादे तोंड मातीच्या पातळ थराने झाकून ठेवलेले असते. घूस आत असताना मुख्य तोंड आतून मातीने बंद करून घेते. सुगीच्या दिवसांत ती कणसे व ओंब्या तोडून आत नेते आणि कोठारात रचून ठेवते. एकाच बिळातून एक किलोहून अधिक धान्य निघाल्याची उदाहरणे आहेत. खणून काढलेले हे धान्य घरी आणून खाण्याची चाल कित्येक ठिकाणी होती. परंतु त्यास घुशीचे मूत्र लागलेले असते, म्हणून ते माणसांनी खाऊ नये.

उंदरांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी त्यांना काहीतरी कुरतडावेच लागते. म्हणूनच घूस खाते त्यापेक्षा नासाडी कितीतरी अधिक करते. उसाच्या बाबतीत हे विशेष दिसून येते. कुरतडलेल्या कांडीतून रस आंबतो, रोग शिरतो, वाऱ्याने ऊस पडतो, आणि पडलेल्या उसाखाली घुशींना आणखी चांगला आडोसा मिळतो.

बंदूक येथे का अपुरी पडते

घूस निशाचर आहे. ती बाहेर येते तेव्हा उभ्या पिकाच्या आडोशाने वावरते, आणि उघड्यावर आली तरी थांबत नाही. साध्या हवेच्या बंदुकीचा छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा व सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा असतो. डोक्यात नेमका बसला तरच जनावर जागीच मरते. अन्यथा जखमी होऊन बिळात शिरते आणि तेथे कुजते. पिलांना पाजणारी मादी पिलांच्या जवळ अधिक काळ राहते. म्हणजे वाढ थांबविण्यासाठी जी मरावयास हवी, तीच बंदुकीच्या टप्प्यात क्वचित येते.

परंतु खरी अडचण संख्येची आहे. घुशीच्या मादीस गर्भधारणेपासून सुमारे तीन आठवड्यांत पिले होतात. एका वेतात सर्वसाधारणपणे सहा ते आठ पिले असतात, आणि ती तीन महिन्यांच्या सुमारास स्वतः विण्यायोग्य होतात. अन्न मुबलक असले म्हणजे एकामागून एक वेते होत राहतात. मिझोराममध्ये १९५८-५९ साली बांबूला फुलोरा येऊन बिया पडल्या, त्यावर उंदीर बेसुमार वाढले, आणि बिया संपताच ते शेतात व कोठारांत शिरून दुष्काळ ओढवला. तसाच फुलोरा व तसाच उंदरांचा उपद्रव २००६ ते २००८ च्या दरम्यान तेथे पुन्हा झाला. अन्न वाढले की उंदीर वाढतात, हा नियम आपल्या बागायती शिवारातही तितकाच खरा आहे.

आता एका लहान वाडीचा हिशेब मांडून पाहू. समजा, तिच्या शिवारात जून महिन्यात ४० घुशी आहेत व त्यांत निम्म्या, म्हणजे २० माद्या आहेत. प्रत्येकीचे पावसाळ्यात एकच वेत झाले व त्यात सहाच पिले झाली, असे धरले तरी १२० पिले होतात. त्यांतील निम्मी मेली तरी ६० जगतात. पिकात उपद्रव दिसू लागल्यावर एखादा तरुण सलग पंधरा रात्री बसला व दर रात्री त्याने दोन घुशी मारल्या, तर ३० घुशी कमी होतील. ही कामगिरी लहान नव्हे. तरीही शिवारात ७० घुशी उरतात, म्हणजे जूनमध्ये होत्या त्यापेक्षा अधिक.

ह्याच वाडीने जूनच्या सुरुवातीस, पेरणीपूर्वी, ४० पैकी ३० घुशी मारल्या असत्या तर १० उरल्या असत्या. त्यांतील पाच माद्यांना तीस पिले होऊन निम्मी जगली, तरी पीक तयार होताना शिवारात २५ च घुशी असत्या. मारलेल्या घुशींची संख्या दोन्ही वेळा ३० च आहे. फरक फक्त वेळेचा आहे. हा हिशेब कल्पित आकड्यांचा असला तरी त्यातील तत्त्व ग्रामकार्यकर्त्याने बैठकीत खडूने फळ्यावर मांडून दाखवावे. लांब व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

बंदुकीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवावयास हव्यात. रात्रीच्या विजेवर पाणी देणारा माणूस पिकात कोठे उभा आहे, हे बांधावर बसलेल्यास दिसत नाही. दगडी तालीवर आपटलेला छर्रा उलटून येतो आणि त्याने डोळा जाऊ शकतो. दुसरी गोष्ट अशी की, बंदूक हाती आली म्हणजे नेम घुशीपुरता राहत नाही. ससा, साळिंदर, मोर व घोरपड ह्यांच्या शिकारीस वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आहे. घोरपड तर उंदरांची पिले खाते. तिला मारणे म्हणजे आपल्याच राखणदाराला मारण्यासारखे आहे. गोठ्यात वा पोल्ट्रीच्या आवारात एखादीच घूस त्रास देत असेल व बंदूक जाणत्या माणसाच्या हाती असेल, तर तिचा उपयोग होईल. शिवाराच्या बंदोबस्तासाठी तिच्यावर विसंबू नये.

गावाने एकत्र करावयाची मोहीम

एका शेतकऱ्याने आपल्या दोन एकरांतील घुशी संपूर्ण मारल्या तरी थोड्याच आठवड्यांत शेजारच्या बांधावरील घुशी त्या मोकळ्या बिळांत येऊन राहतात. त्याचा खर्च व श्रम फुकट जातात आणि औषधात दम नाही असा त्याचा समज होतो. वास्तविक दोष औषधाचा नसून क्षेत्राचा असतो. म्हणून मोहीम निदान एका सलग शिवारात, शक्य तर संपूर्ण गावात, त्याच आठवड्यात व्हावयास पाहिजे. त्यात गायरान, ओढ्याचे काठ, पाटाचे भराव व रस्त्याच्या कडा ह्या कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागा प्रथम घ्याव्यात. घुशी उन्हाळा तेथेच काढतात, आणि नेमक्या त्याच जागा मोहिमेत सुटतात.

मे महिन्याचा उत्तरार्ध व जूनचा आरंभ हा काळ सर्वांत चांगला. त्या वेळी शेतात अन्न नसल्याने आमिष चटकन खाल्ले जाते, बिळे स्पष्ट दिसतात, आणि पावसाळ्यातील वीण अद्याप सुरू झालेली नसते. रब्बीसाठी दुसरी मोहीम ओंब्या निसवण्यापूर्वी घ्यावी. दाणा भरल्यानंतर घूस समोरचे ताजे पीक सोडून आमिषाकडे वळत नाही.

पहिल्या दिवशी सायंकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने बंद करावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडलेली दिसतील तेवढीच जिवंत बिळे समजावीत. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून टाळले जाते. पण सरसकट सर्व बिळांत औषध टाकले तर बरेचसे औषध जुन्या, ओसाड बिळांत जाते. जिवंत बिळाशेजारी काठी रोवावी आणि गट क्रमांकानुसार बिळांची संख्या वहीत लिहावी.

त्याच दिवशी प्रत्येक जिवंत बिळात २० ग्रॅम बिनविषारी आमिष ठेवावे. ज्वारी, गहू किंवा तांदूळ ह्यांची भरड ९८ भाग व गोडे तेल २ भाग असे ते करावे. घूस अत्यंत संशयी असते. नवीन पदार्थ ती प्रथम किंचित चाखते. त्याने पोट बिघडले तर पुन्हा तोंड लावीत नाही. बिनविषारी आमिषाची चटक लागली म्हणजे पुढे विष घातलेले तेच आमिष ती पोटभर खाते. मोहिमा फसतात त्यांतील पुष्कळशा ह्या एका दिवसाच्या आळसाने फसतात.

एक दिवस मध्ये जाऊ द्यावा. चौथ्या दिवशी सायंकाळी विषारी आमिष द्यावे. त्यासाठी ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम गोडे तेल व २० ग्रॅम झिंक फॉस्फाइड घेऊन लाकडी काठीने कालवावे. भरडीस आधी तेल चोळावे व मग भुकटी मिसळावी, म्हणजे ती दाण्याला सारखी चिकटते. हे एक किलो आमिष सुमारे १०० बिळांस पुरते. दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या करून त्या बिळात हातभर आत सरकवाव्यात व तोंडावर पालापाचोळा टाकावा. उघड्यावर, बांधावर किंवा पाण्याच्या कडेला पुडी कधीही ठेवू नये.

पाचव्या दिवशी पहाटेच शिवार फिरून मेलेल्या घुशी चिमट्याने किंवा फावड्याने उचलून खोल खड्ड्यात पुराव्यात. सहाव्या दिवशी सायंकाळी पुन्हा सर्व बिळे बंद करावीत. सातव्या दिवशी जी उघडतील त्यांत राहिलेल्या घुशी झिंक फॉस्फाइड पुन्हा खाणार नाहीत. त्यांच्यासाठी ब्रोमाडिओलोन वापरावे. ०.२५ टक्के तीव्रतेची ब्रोमाडिओलोनची भुकटी २ भाग, तेल २ भाग व भरड ९६ भाग असे आमिष करून प्रत्येक बिळात १५ ग्रॅम ठेवावे. ह्या औषधाने रक्त गोठण्याची शक्ती जाते व घूस काही दिवसांनी मरते. त्यामुळे मरण आणि आमिष ह्यांचा संबंध इतर घुशींच्या लक्षात येत नाही आणि त्या बुजत नाहीत. मृत घुशी लगेच दिसल्या नाहीत म्हणून औषध निष्फळ झाले असे मानू नये.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात टाकून माती लावण्याची पद्धत काही जण सांगतात. त्यांतून निघणारा वायू अतिशय घातक आहे. ह्या गोळ्यांची विक्री व वापर शासकीय यंत्रणा व परवानाधारक कीडनियंत्रक ह्यांच्यापुरताच मर्यादित आहे. शेतकऱ्याने त्या मिळविण्याच्या खटपटीत पडू नये.

विषासंबंधी दक्षता

झिंक फॉस्फाइड ही काळपट राखी रंगाची, लसणीसारखा उग्र वास असलेली भुकटी असते. पोटातील आम्लाशी तिचा संयोग झाला म्हणजे फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो. माणसावरील त्याच्या परिणामास खास असा उतारा नाही. म्हणून आमिष घरात, ओसरीवर किंवा चुलीजवळ कालवू नये. मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे व नाकातोंडावर फडके बांधून कालवावे. त्या वेळी पाणी, ओल किंवा आंबट पदार्थ जवळ असू नये. काम चालू असता तंबाखू मळण्याची सवय विशेष धोक्याची आहे. हाताला लागलेली भुकटी तंबाखूबरोबर सरळ तोंडात जाते. कालवण्याचे भांडे पुन्हा घरात वापरू नये. उरलेले आमिष पुढच्या वर्षासाठी ठेवण्याचा काटकसरीपणा करू नये, ते खोल पुरावे. धान्याच्या भरडीचे आमिष दिसण्यात कोंबड्यांच्या खाद्यासारखे असते, आणि लहान मुलास तर ते खाऊच वाटेल.

मोहिमेच्या आदल्या दिवशी दवंडी किंवा ध्वनिक्षेपकाने गावास सूचना द्यावी. मेंढपाळांचे वाडे शिवारात बसले असतील तर त्यांना निराळे सांगावे, कारण त्यांना गावातील दवंडी ऐकू जात नाही. कोणाच्या पोटात विष गेल्याचा नुसता संशय आला तरी त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे व विषाचे पाकीट बरोबर न्यावे. दूध, तूप किंवा तेल पाजू नये. पहिले काही तास रोगी बरा दिसतो आणि नंतर एकाएकी ढासळतो. म्हणून ‘आता उतरले’ असे म्हणून घरी थांबू नये. ब्रोमाडिओलोनवर जीवनसत्त्व ‘के-१’ हा उतारा आहे, पण तोही डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो. कोणते विष होते हे पाकिटावरून कळले तर उपचारात वेळ वाचतो.

मेलेली घूस उघड्या हाताने उचलू नये, ही सूचना केवळ विषामुळे नाही. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरे शरीर शोधतात. सप्टेंबर १९९३ मधील किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहू लागले व धान्य घरांतच राहिले. तेथे उंदीर वाढले, आणि १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग उद्भवला, त्याचे हे एक कारण मानले गेले. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. पायांना जखमा असताना भातखाचरात अनवाणी उतरणाऱ्या स्त्रीपुरुषांस त्याचा धोका सर्वांत अधिक असतो. लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी व डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसताच आरोग्य केंद्रात जावे आणि आपण खाचरात काम करतो हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.

विषाशिवाय करता येणारी कामे

रुंद, गवताळ व जुने बांध हे घुशींचे माहेरघर होय. बांध गरजेपुरते अरुंद ठेवावेत, त्यांवरील गवत कापावे व भगदाडे बुजवावीत. काळ्या जमिनीत उन्हाळी नांगरट केल्याने भेगा मोडतात व त्यांत राहणारे उंदीर उघडे पडतात. कडब्याची गंज जमिनीवर न रचता दगड वा लाकडे मांडून उंचावर रचावी. ऊस लोळू न देणे, त्यासाठी वेळेवर भर लावणे व पाचट काढणे, ह्यांनी घुशींचा आडोसा कमी होतो.

कापणीच्या वेळी एक चांगली संधी मिळते व ती बहुधा वाया जाते. पीक एका कडेने कापीत गेले म्हणजे घुशी पुढे सरकत शेजारच्या उभ्या शेतात शिरतात. तेच चारही बाजूंनी आत कापीत आणले तर शेवटच्या लहानशा तुकड्यात त्या गोळा होतात. तेथे काठ्या घेतलेली चार माणसे व एक-दोन कुत्री असली तर एका सकाळी पुष्कळ काम होते. बिळे खणण्याचे कसब असलेली माणसे मिळाल्यास त्यांची मदत घ्यावी. कोकणातील कातकरी बांधवांचे ह्या विषयातील ज्ञान विलक्षण आहे. कोणत्या तोंडाने घूस निसटेल हे ते जमिनीकडे पाहून सांगतात. ह्या कामाची मजुरी रोख व रास्त द्यावी. सापडलेल्या घुशीच त्यांना देऊन हिशेब मिटविण्याची रीत बरी नव्हे. ज्या शिवारात विष टाकले असेल तेथील घुशी कोणीही खाऊ नयेत, हे त्यांना स्पष्ट सांगणे हे ग्रामकार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

गव्हाणी घुबड हा पक्षी मुख्यतः उंदरांवरच जगतो. त्याला अशुभ मानून दगड मारण्याची चाल अद्याप पुष्कळ गावांत आहे. घुबडांसाठी शेतात इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे, माणसाच्या उंचीहून उंच असे पक्षीथांबे उभारावेत. धामण बिनविषारी असून बिळात शिरून उंदीर खाते. तिला मारू नये. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडासही बाधा होऊ शकते. म्हणून हे औषध दुसऱ्या फेरीपुरते व जिवंत बिळांतच वापरावे आणि मेलेल्या घुशी रोजच्या रोज पुराव्यात.

प्रत्येक उंदीर शेतीचा शत्रू असतो असेही नाही. सिंहगडाच्या परिसरात कोंडाणा उंदीर म्हणून एक जात आहे; ती सह्याद्रीच्या एका लहान भागाबाहेर जगात कोठेही आढळत नाही. डोंगरमाथ्यावरील व जंगलातील बिळांत विष टाकण्याचे काही कारणही नाही.

नारळाच्या बागेत प्रकार थोडा वेगळा आहे. तेथील उंदीर झाडाच्या शेंड्यातच घर करतात आणि झावळ्यांवरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात, त्यामुळे बिळे मोजण्याचा उपयोग होत नाही. झाडे सुटी असतील तर खोडाभोवती जमिनीपासून दोन मीटर उंचीवर सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा बसवावा. झावळ्या एकमेकींस भिडलेल्या असतील तर पत्र्याचा उपयोग नाही. मग ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या शेंड्यात ठेवाव्या लागतात.

मोहीम संपल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा सर्व बिळे बंद करून दुसऱ्या सकाळी उघडलेली मोजावीत. पहिल्या मोजणीत ज्या गटात ५० बिळे उघडली होती तेथे आता १० उघडली असतील तर उपद्रव पाचव्या हिश्शावर आला असे समजावे. एखाद्या गटात हा आकडा खाली आला नसेल तर त्याच्या शेजारचा पाट, ओढा किंवा पडीक तुकडा मोहिमेतून सुटला आहे काय, हे प्रथम पाहावे. ही वही ग्रामपंचायतीत जपून ठेवावी. पुढील मे महिन्यात कोणत्या बांधापासून सुरुवात करावयाची हे तीवरून ठरविता येते.